बायच्या पिशवीतला मनाचा फासा

बाय,

तुझा बॅनर अजून नाक्यावर आहे. लावायला सहा माणसं शिडी घेऊन आली होती, उतरवायला कोणाला सवड झालेली नाही. त्यावर एकूण एकोणीस चेहरे आहेत, त्यातला एक तुझा. बाकीचे अठरा शोकाकुल. शोकाकुलांपैकी चौघांनी गॉगल लावलाय. तुझ्या नावामागे 'समाजभूषण' आणि 'मातृतुल्य' असं छापलंय. छापणाऱ्याने मला, तुझ्या धाकट्या भावाला, फोन करून विचारलं होतं, "सर, ताईंचं काही कार्य असलं तर सांगा, दोन ओळी टाकतो." मी म्हणालो, "त्या व्हिडिओ गेममध्ये फासे फार चांगले टाकायच्या." तो मग म्हणाला, "मग समाजभूषणच राहू द्या."

तर हे त्या दोन ओळींत न मावणारं. तुला जाऊन पाच आठवडे झाले. तुझं वय, सासर, माहेर, मागे कोण कोण, हे सगळं बॅनरवर आहे. त्यातलं निम्मं चूक आहे, पण ते असो. मला बोलायचंय ते फाशांबद्दल, आणि त्या रविवारच्या दुपारबद्दल. त्या दुपारची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगितली आणि ती खरी नव्हती. तुझी लेक वनिता हे वाचेल. तिने वाचावं म्हणूनच लिहितोय, कारण तोंडाने मला अर्धंच जमलं.

वनिताकडे व्हिडिओ गेमचं नवं यंत्र आलं तेव्हा तिने जुनं तुझ्याकडे आणून ठेवलं, "राहू दे आई कोपऱ्यात पडून" म्हणून. तुझ्या घरात पडून राहायची परवानगी कशालाच नव्हती. पुढच्या रविवारी मी आलो तर तू टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली, हातात तो बटणांचा रिमोट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पडद्यावर एक रंगीत पट. पटावर चार प्यादी. ज्याची पाळी त्याच्या डोक्यावर एक फासा हवेत गरगरत असतो. बटण दाबलं की प्यादं उडी मारून त्याला डोकं आपटतं, आकडा थांबतो आणि तितकी घरं चालायची. वाटेत खड्डे, चोर, दुकानं, आणि कुठेतरी एक चांदणी, जी सगळ्यांना हवी. मी म्हणालो, "बाय, हा लहान मुलांचा खेळ आहे." तू वर न बघता म्हणालीस, "मंग तुला जमंल. बस."

चारांतली दोन प्यादी आपली, दोन यंत्राची. यंत्राच्या दोघांना तू नावं दिलीस. एक भाडेकरू, कारण तो एका जागेवरून फारसा हलायचा नाही. दुसरा नगरसेवक, कारण तो काहीही न करता जिंकायचा.

या खेळाचे एकामागून एक भाग निघाले आहेत. आपण तीन खेळलो. भाग बदलला की पट बदलतात, संगीत बदलतं, प्याद्यांचे कपडे बदलतात. तुझं लक्ष फक्त खास फाशांवर. साधा फासा सगळ्यांना मिळतो, एक ते दहा. खास फासे दुकानातून किंवा नशिबाने मिळतात, आणि पिशवीत तीनच मावतात. त्यांची इंग्रजी नावं वाचायच्या भानगडीत तू पडली नाहीस, रंग बघून स्वतःची ठेवलीस. एकदम दोन फासे टाकता येतात तो 'डबल ड्युटी'. शून्य नाहीतर एकच पडतो तो 'दांडी'. समोरच्याच्या माथी मारायचा, की त्याला तीनच्या वर पडतच नाही, तो 'पनवती'. अगदी हळू फिरणारा, नजर ठेवून हवा तो आकडा पकडता येणारा, तो 'लो व्होल्टेज', कारण वीज कमी झाली की खालच्या कारखान्यातले कापडाचे माग तसेच फिरतात. त्यात तुझा हात कोणी धरला नसता. चालत्या कापडात एक धागा सुटलेला ज्या डोळ्यांना दिसतो, त्यांना फिरता फासा म्हणजे काय.

आणि उलटं चालायला लावणारा फासा, त्याचं नाव 'माहेर', म्हणजे आपलं खारबाव. तो माझ्यावर टाकताना तुला विशेष आनंद व्हायचा. "जा बाला, खारबावला जाऊन ये," म्हणायचीस, आणि माझं प्यादं चांदणीच्या दारातून सात घरं मागे जायचं, पाठ न वळवता, तोंड आपल्याकडेच ठेवून. ते चालणं मला कधी बघवलं नाही. चेहरा दिसत राहतो, डोळे आपल्याकडेच असतात, आणि तरी तो लांब लांब जात असतो. तुला मी हे एकदा बोललो होतो. तू म्हणालीस, "भितोस की काय रं? अठ्ठावन वर्सांचा घोडा."

शेवटचा 'मनाचा'. या फाशावर आकडे फिरत नाहीत. तो नुसता विचारतो, किती हवे? एक ते दहा, आपण सांगू तेवढे. पहिल्यांदा मिळाला तेव्हा तू चष्मा काढून पदराने पुसलास.

"म्हंजे ती मशीन आपल्याला इचारते?"

"हो."

"आनि आपन सांगू त्योच पडनार?"

"हो."

"आनि कोनाला पटवून द्यायला नको?"

"नाही."

मग तू तो पिशवीत ठेवलास आणि वापरला नाहीस. त्या डावात नाही, पुढच्या डावातही नाही. मिळाला की ठेवायचा. त्यावरून आपण तीन वर्षं भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं: पिशवीत तीन जागा, त्यातली एक तू कायमची अडवून ठेवतेस, आणि डाव संपला की पिशवीसकट सगळं पुसलं जातं, मग उपयोग काय? तू चांदणीपासून चार घरांवर उभी असायचीस, पिशवीत मनाचा फासा, आणि खुशाल साधा फासा आपटायचीस. पडायचे दोन. मागून नगरसेवक यायचा आणि चांदणी घेऊन जायचा.

"बाय, वापर ना तो!"

"असूंदे. पिशवीत हाय तवर बरं वाटते."

एकदा मी फारच डोकं खाल्लं तेव्हा तू रिमोट मांडीवर ठेवून म्हणालीस, "वापरला की म्हायती पडते, आपल्या मनात काय व्हतं ते. मंग पुढं काय करायचं?" कॉलेजच्या ग्रंथालयात माझी तीस वर्षं गेली. मी चहा प्यायलो.

दुसऱ्या भांडणात माझी बाजू जास्त शास्त्रोक्त होती. मी कुठेतरी वाचलं होतं की फासा फिरताना दिसतो तो नुसता देखावा; आकडा यंत्राने आतल्या आत काढलेला असतो, आपण बटण दाबतो तेव्हा तो फक्त उघडा होतो. हे मी तुला साग्रसंगीत समजावलं. तू सगळं ऐकून घेतलंस. "म्हंजे आधीच ठरल्याला हाय?" "तसंच समज." "मंग मी उडी कोनासाठी मारते?" असं म्हणून तू उडी मारलीस आणि तुला दहा पडले. ते भांडण तिथेच राहिलं. तुझी बाजू जड आहे असं मला आता वाटतं, पण ते तेव्हा कबूल करायचं राहून गेलं.

घराचा एक नियम होता. तो तूच खालच्या कारखान्यातून वर आणला होतास. कारखान्यात माणूस आला नाही म्हणून माग उभा ठेवत नाहीत. त्याच्या जागी बदली बसतो आणि आडवा धागा नेणारा धोटा चालू राहतो. तसंच खेळातही. कोणी उठलं, दूध उतू चाललं, दारावर कोणी आलं, तरी डाव थांबवायचा नाही. उठणाऱ्याचं प्यादं यंत्राच्या हाती द्यायची सोय त्या खेळात आहे. आपण त्याला बदलीच म्हणायचो. परत आलं की आपली जागा आपण घ्यायची, आणि बदलीने काय वाटोळं केलं त्यावरून बोंब मारायची. तुझी बदली जेमतेम एखादी फेरी खेळायची. तू जास्त वेळ उठायचीच नाहीस.

मागांवरचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. खाली सोळा माग, वर तुझी खोली. तिथे सगळं सारखं थरथरत असतं. फळीवरची भांडी किणकिणतात, पाण्याच्या पेल्यात बारीक गोल उठत राहतात. बोलायचं तर ओरडून, नाहीतर आवाजच न काढता नुसत्या ओठांनी. नारपोलीत सासरी आल्यावर ते ओठांनी बोलणं तू वर्षभरात शिकलीस, आणि कॉलेजसाठी मी तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा मला शिकवलंस. मी वाचायला खरा शिकलो तो तुझ्या पोटमाळ्यावर, त्या खडखडाटात. पुढे ग्रंथालयात लागलो तेव्हा तिथली शांतता मला सोसेना. पहिला महिनाभर मी टेबलाखाली पाय आपटत बसायचो. गोंगाटात एकटं बसता येणं हे मला तुझ्याकडून मिळालं, आणि त्याच्याइतकं कामाला आलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

त्याच गोष्टीने त्या दिवशी घात केला.

रविवार होता. कारखान्याला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे खाली सगळे माग चालू. पंधरा फेऱ्यांचा डाव, अकरावी फेरी. तू एकदम मान तिरपी केलीस.

"चार नंबरचा धोटा अडकते."

सोळा मागांच्या दणदणाटात एकाचा आवाज बदललेला तुला कळायचा. मी म्हणालो, "खाली मुख्तारभाई आहे मागांवर, तो बघेल की."

"मुख्तारला ऐकू येते कुठं आता? आलेच मी. खेल तू."

गुडघ्यावर हात देऊन उठलीस आणि जिन्याकडे गेलीस.

मी सगळ्यांना सांगितलं की मी तुझ्या मागोमाग गेलो. दहाव्याला सांगितलं, वनिताला सांगितलं, बॅनरवाल्यालाही सांगितलं असेन. मी गेलो नाही. थोडा थांबलो. तू येईनास, तेव्हा नियमाप्रमाणे तुझं प्यादं बदलीच्या हाती दिलं आणि खेळत राहिलो.

बाराव्या फेरीत बदलीने साधा फासा टाकला. पाच पडले. तेराव्या फेरीत तिने तुझी पिशवी उघडली. बाण 'डबल ड्युटी'वर आला, पुढे गेला. 'लो व्होल्टेज'वर आला, पुढे गेला. मनाच्या फाशावर येऊन थांबला. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही, तरी ते मुद्दाम जरा रेंगाळतं. समोरच्याला माणूस खेळतोय असं वाटावं म्हणून असेल. मग तो फासा तुझ्या प्याद्याच्या डोक्यावर आला आणि बदलीने आकडा निवडला. सहा. चांदणी बरोबर सहा घरांवर होती. नगरसेवक बघत राहिला.

मी मोठ्याने हसलो. जिन्याच्या दिशेने तोंड करून ओरडलो, "बाय, तुझी बदली तुझ्यापेक्षा शहाणी आहे! मनाचा फासा वापरला तिने!"

आणि खालून तुझा आवाज आला. "वापरूंदे."

एवढंच. आवाज चिडलेला नव्हता, दमलेला नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय असं कोणी म्हटलं की "असूंदे" म्हणायचीस, तसा.

मी चौदावी फेरी खेळलो.

तिच्या शेवटी मुख्तारभाई वर आला. चाळीस वर्षांत तो कधी चपलांसकट खोलीत आला नव्हता. "सर, अम्मा जीने पे बैठी हैं। उठ नहीं रहीं।"

तू पाचव्या पायरीवर होतीस. खांदा भिंतीला, हात मांडीवर. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "उतरताना त्रास झाला असेल, टेकल्या आणि तिथेच गेल्या. लगेच. त्यांना काही कळलंही नसेल." या वाक्याने सगळ्यांना फार बरं वाटलं. पुढचे दहा दिवस ते घरात हातोहात फिरत होतं. "लगेच गेल्या." "काही कळलं नाही." "पुण्यवान बाई." माझ्या मात्र डोक्यात मेळ बसेना.

कारण तू उठून गेल्यावर मी ओरडलो तोवर पंधरा मिनिटं होऊन गेली होती. डॉक्टर बरोबर असतील तर तेव्हा तू नव्हतीस, आणि "वापरूंदे" म्हणालं ते दुसरंच कोणीतरी. ते तूच म्हणाली असशील तर तू पंधरा मिनिटं त्या पायरीवर जिवंत बसली होतीस, आणि मी वर फासे टाकत होतो. पहिल्यात मी निर्दोष आहे आणि घरात भूत आहे. दुसऱ्यात भूत नाही, फक्त मी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. त्यावरून तू मला किती वेळा वेडावलंयस.

मुख्तारभाईचं आणखी निराळंच. तो जिन्यावर ठेवलेली दोऱ्याची बॉबिन आणायला तुझ्या शेजारून आधी एकदा गेला होता. "मैंने सलाम किया, सर। उन्होंने गर्दन हिलाई। कसम से।" मी त्याला समजावलं की माग चालू असताना त्या जिन्यावर ठेवलेलं काहीही मान हलवतं. पाण्याची बाटली ठेवली तर तीही हलवते. तो म्हणाला, "बोतल को मैं सलाम नहीं करता, सर।"

तुझ्यासाठी माग तीन दिवस बंद ठेवले. त्या घरात मी पहिल्यांदा शांतता ऐकली, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. भांडी गप्प. पेल्यातलं पाणी काचेसारखं. भेटायला आलेल्यांपैकी जुन्या माणसांना तिथे ओरडून बोलायची इतकी सवय, की ती तशीच बोलत होती. "फार शांत गेल्या हो!" असं एक गृहस्थ मला हातभर अंतरावरून बोंबलून सांगत होते, आणि स्वतःच्या आवाजाने स्वतःच दचकत होते.

पण त्याच्याही आधी, त्याच संध्याकाळी, स्मशानातून परत आलो तर टीव्ही तसाच चालू होता. बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पंधरावी, शेवटची फेरी, आणि पाळी माझी. पाळी असलेल्याने बराच वेळ काही केलं नाही की त्याचं प्यादं उभ्या उभ्या झोपी जातं. मान खाली जाते, नाकातून फुगा येतो. बाकीची प्यादी आपापल्या घरावर उभी राहून वाट बघत असतात. माझं प्यादं झोपलं होतं. तुझं जागं होतं. ते पापण्या मिटवत होतं, उघडत होतं, आणि माझ्या खेळण्याची वाट बघत होतं. मी बटण शोधलं नाही, भिंतीतली पिनच उपटली. तो खेळ आपला डाव आपोआप जपून ठेवतो हे मला ठाऊक होतं. तू मात्र त्याला 'मशीनची उधारी' म्हणायचीस.

त्यानंतर मी ते यंत्र लावलं नाही. एकच फेरी उरली आहे हे डोक्यात असायचं. मी खेळलो की डाव संपणार, आणि पिशवीसकट सगळं पुसलं जाणार. नाही खेळलो तर तू तिथे उभी.

परवा वनिता तुझी कपाटं आवरायला आली, मदतीला मी होतो. खाली मुख्तारभाई भेटला असणार. साड्यांची चळत हातात घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, मुख्तारचाचा म्हणतात, आई जिन्यावर बसली होती तेव्हा तिथे दुसरं कोणीच नव्हतं. तू मागोमाग गेला होतास ना?"

मी सांगितलं. बदली, मनाचा फासा, माझं हसणं, ओरडणं, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आणि आई काय म्हणाली?"

"वापरूंदे."

वनिता हसलीच. "आई? मनाचा फासा? वापरूंदे? अरे, दिवाळीत माझ्या हातून चुकून वापरला गेला तर दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी!" मग तिचं हसू मावळत गेलं. तिच्याही डोक्यात तो हिशेब सुरू झालेला मला दिसत होता. ती खुर्चीवर बसली.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले ते बरोबर असेल, वनू. लगेच गेली असेल. मला भास झाला असेल."

"लगेच गेली, लगेच गेली," ती म्हणाली. "पाच आठवडे सगळे मला पेढा दिल्यासारखं सांगतायत. मला नकोय ते. एकटी, मधल्याच पायरीवर, कोणाला पत्ता नाही. त्यात बरं काय आहे? मला ती कुणाशी तरी बोलत बोलत गेलेली हवीय, मामा. मग तू वर खेळत का असेनास."

तिने साड्यांची चळत बाजूला ठेवली. खाली माग चालूच होते. मग ती उठली.

"पाचव्या पायरीवरचं वर ऐकू येतं का?"

"माहीत नाही."

"तीस वर्षं पुस्तकांत घालवलीस, आणि पंधरा पायऱ्यांचा जिना तुला तपासता आला नाही? मी खाली जाऊन बसते. तू तो टीव्ही लाव, होता तसाच. मला हाक मार. मी काहीतरी बोलेन. आलं ऐकू तर आलं."

तुझीच मुलगी. चार नंबरचा धोटा तपासायला निघावं तशी ती निघाली.

मी पिन लावली. यंत्र सुरू झालं, संगीत सुरू झालं, पट आला. माझं प्यादं उभं, डोक्यावर साधा फासा गरगरतोय. तुझं पलीकडे, चांदणीच्या घराजवळ. खालच्या कोपऱ्यात तुझी पिशवी दिसत होती, दोन फासे आणि एक रिकामी जागा. मी रिमोटला हात लावला नाही. वनिता बसली असेल इतका वेळ जाऊ दिला. जिन्याच्या दिशेने तोंड केलं आणि त्या दिवशी ओरडलो होतो तितक्याच जोरात ओरडलो, "वनिता! येतंय का ऐकू?"

काही नाही. मागांचा दणदणाट. पेल्यात पाणी थरथरत होतं.

मग आवाज आला. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावा तसा. बाय, तो काय म्हणाला हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "खाली ये, बाला."

मी कसा उठलो, दार कधी ओलांडलं, ते मला सांगता येणार नाही. वनिता पाचव्या पायरीवर बसली होती. ओढणीचा बोळा करून तिने तोंडावर घट्ट दाबून धरला होता. मला बघून तिने तो काढला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी, तू शिकवल्याप्रमाणे, म्हणाली, "मी मुद्दाम गप्प बसले. कोणी न बोलताच तुला ऐकू येतं का, ते आधी बघायला नको? नाहीतर पुरावा कसला?"

हे मला सुचायला हवं होतं. बाहेर मी सगळ्यांकडे पुरावे मागत फिरतो.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. ऐकू आलं म्हणालो असतो, तर त्या दिवशीचा आवाजही माझ्याच डोक्यातला ठरला असता. डॉक्टर बरोबर, तू लगेच गेलीस, माझा काही दोष नाही, आणि वनिताच्या वाट्याला ती एकटी पायरी. नाही म्हणालो, तर ते बोललीस ती तूच. मी वर हसत होतो, आणि तू जाता जाता कोणाशी तरी बोललीस.

"आलं काही ऐकू?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा चष्मा वरच राहिला होता. एका पायात चप्पल नव्हती. कठडा मी दोन्ही हातांनी धरला होता, आणि धाप लागली होती.

"मग धावत कशाला आलास?" ती म्हणाली.